रेटकार्ड ऐकू येतंय का? दिव्यांग गिऱ्हाइकांपर्यंत पोचणारं ब्रँडिंग कसं करायचं

मागच्या दिवाळीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एक फराळवाल्या काकू आहेत, त्यांचं रेटकार्ड मी केलं होतं. गुलबक्षी बॅकग्राउंड, त्यावर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात पणत्या, मधे चकलीचा झकास फोटो. काकू खूश, मी पण खूश. व्हॉट्सअपवर दोनेकशे जणांना गेलं आणि तिसऱ्या दिवशी काकूंना त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, शाळेत संगीत शिकवणारे सर आहेत, त्यांना दिसत नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही काहीतरी पाठवलंय, पण माझा फोन नुसता 'फोटो' एवढंच बोलतोय. चकली काय भावाने आहे यंदा?" काकूंनी सगळी यादी फोनवर वाचून दाखवली, सरांनी ऑर्डर दिली, त्यांच्यापुरता विषय संपला.

माझा काही संपला नाही. बारा वर्षं डीटीपी आणि डिझाइन करतोय आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं की आपण सगळा मजकूर फोटोत कोंबतो आणि फोटो बोलत नाही. त्यानंतर जे काही शिकलो, चुकलो, परत केलं ते इथे क्रमाने लिहितोय. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, अक्षर हे अक्षरच राहिलं पाहिजे, त्याचं चित्र झालं की निम्मे लोक बाद.

निम्मे हे रागाने लिहिलं, खरे आकडे असे. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. तेव्हा कायद्याच्या यादीत प्रकारही कमी होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. शिवाय मोतीबिंदूवाले आजोबा, चाळिशी लागलेले आपण सगळे, उन्हात मोबाईल बघणारा रिक्षावाला, हे कुठल्याच यादीत नाहीत पण त्यांनाही तेच सोनेरी अक्षर वाचता येत नाही. आणि एप्रिल २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती केस बँकांच्या केवायसीची होती, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा म्हणतात ना, ते अॅसिड हल्ला झालेल्या आणि अंध लोकांना जमत नाही म्हणून. चकलीच्या रेटकार्डावर कोणी केस करणार नाही, भीती घालत नाहीये. पण वारं कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा.

पायरी १. आधी स्वतःचा ब्रँड ऐका

काहीही बदलायच्या आधी हे करा, फुकट आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधे अॅक्सेसिबिलिटी असतं, त्यात टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर. चालू करायच्या आधी ते बंद कसं करायचं हे वाचून घ्या, मी घेतलं नव्हतं आणि वीस मिनिटं माझाच फोन मला उघडता येत नव्हता. टॉकबॅक चालू असताना एकदा टच केलं की फोन फक्त बोलतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, आणि स्क्रोल दोन बोटांनी. बऱ्याच फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकदम दाबून धरली की चालू-बंद होतं, हा शॉर्टकट लावून ठेवा. आयफोनवाल्यांना व्हॉइसओव्हर आहे. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, तेही फुकट, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरनी २००६ मधे सुरू केलेलं.

मग डोळे मिटा आणि आपलं इन्स्टा पेज, व्हॉट्सअप कॅटलॉग, वेबसाइट एकेक करून ऐका. काय काय ऐकू येतं ते कागदावर लिहा. माझ्या यादीत पहिल्या पानावर "फोटो", "बटण", "लेबल नसलेलं बटण" हेच जास्त होतं. ही यादी म्हणजे तुमच्या पुढच्या कामाची यादी, वेगळं ऑडिट वगैरे लहान धंद्याला सुरुवातीला लागत नाही.

पायरी २. फॉन्टची भानगड निस्तरा

ही आपली खास मराठी भानगड आहे आणि इंग्रजीतल्या एकाही गाइडमधे मला ती सापडली नाही, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे छपाईचं बरंच काम अजून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधे चालतं, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. या जुन्या फॉन्टमधे होतं काय, कॉम्प्युटरच्या लेखी फाइलमधे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. डोळ्याला 'चकली' दिसते पण स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, त्याला आतली इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि तो ती इमानदारीत वाचतो. एकदा ऐका, हसावं की रडावं कळत नाही. आता युनिकोड फॉन्टही मिळतात, म्हणजे ज्यांच्यात आतही खरी मराठी अक्षरंच असतात, प्रश्न जुन्यांचा आहे.

तपासायची युक्ती सोपी. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअपवर पेस्ट करा. मराठी आलं तर युनिकोड आहे. कचरा आला तर जुना फॉन्ट. आणि काहीच सिलेक्ट होत नसेल तर ते चित्रच आहे, एकतर स्कॅन केलेलं नाहीतर कर्व्ह केलेलं.

कर्व्हचं पण सांगतो. प्रेसवाला कायम म्हणतो "फाइल कर्व्ह करून पाठवा", बरोबरच आहे त्याचं, त्याच्या मशीनवर फॉन्ट नसतो. पण कर्व्ह केलं की अक्षराचा आकार उरतो, अक्षर जातं. आपण आळसाने तीच फाइल सगळ्यांना फॉरवर्ड करतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन फाइली ठेवा, एक प्रेसची कर्व्हवाली, एक लोकांची युनिकोडवाली. नावंच तशी द्या, म्हणजे घाईत चूक होत नाही.

जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणता येतो, पण तो डोळे झाकून वापरू नका. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला अर्धा र, रफार, 'अॅ' ची चंद्रकोर या जागा हमखास फुटतात. आणि अजून एक, युनिकोडमधली मराठी पीडीएफ सुद्धा कधीकधी कॉपी केल्यावर वेलांट्या मागेपुढे करते, म्हणजे स्क्रीन रीडरही तसंच अडखळत वाचणार. माझं स्पष्ट मत, लोकांना वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफचा हट्ट सोडा, साधा मेसेज किंवा वेबपेज बरं.

वेबसाइट असेल तर बनवणाऱ्याला विचारा की पेजची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे का. इंग्रजी सोडलेली असेल, किंवा लिपी तीच म्हणून हिंदी टाकलेली असेल, तर स्क्रीन रीडर त्या भाषेचा आवाज निवडू शकतो आणि मग 'चमचा' मधले दोन च कसे निघतात ते विचारू नका. एका शब्दाची दुरुस्ती आहे ही कोडमधे.

पायरी ३. रंग

काँट्रास्ट म्हणजे अक्षर आणि पाठीमागचा रंग यातला उजेडाचा फरक. तो मोजता येतो, डोळ्याने ठरवायची गोष्ट नाही. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १, याच्यापुढे काही नाही. वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत (सध्याची आवृत्ती २.२, २०२३ ची) त्यात नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ लागतं. कलर कोड टाकून मोजणाऱ्या फुकट साइट ढीगभर आहेत.

आता आपले लाडके रंग बघू. झेंड्याच्या छटेचा भगवा पांढऱ्यावर घेतला तर जेमतेम २.१ : १, म्हणजे नापास. भगव्यावर पांढरी अक्षरं पण तेच, गणित उलटं केलं तरी आकडा बदलत नाही. त्याच भगव्यावर काळं लिहा, जवळपास १० : १ येतं. हळदीकुंकवाचं कॉम्बिनेशन, म्हणजे भडक पिवळ्यावर भडक लाल, ३.७ च्या आसपास, ठळक हेडिंगला चालेल, खालच्या पत्त्याला नाही. तोच लाल जरा डाळिंबाकडे, गडद नेला की साडेचारच्या आरामात वर जातो आणि क्लायंटला फरक कळतही नाही. (मी असे तीन ब्रँडचे लाल गुपचूप गडद केलेत, अजून कोणी ओरडलं नाही.)

लोगोला हा नियम लागू नाही. त्यामुळे "आमचा लोगोच सोनेरी आहे" ही सबब चालणार नाही, लोगो ठेवा सोनेरी, फोन नंबर कशाला सोनेरी?

आणि नुसत्या रंगावर अर्थ टांगू नका. स्टॉक आहे हिरवा, संपला लाल, असं असेल तर लाल-हिरवं वेगळं न दिसणाऱ्याला दोन्ही सारखेच. याचं सगळ्यात छान उदाहरण आपल्या घरातल्याच पुड्यांवर आहे. आधी शाकाहारीला हिरवा ठिपका आणि मांसाहारीला तपकिरी ठिपका असायचा, म्हणजे फरक फक्त रंगाचा. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी मांसाहारीचा ठिपका काढून तपकिरी त्रिकोण केला. आता रंग नाही ओळखला तरी आकार सांगतो. तुमच्या कॅटलॉगमधे पण हेच करा, रंगाच्या जोडीला आकार किंवा सरळ शब्द, 'संपलं'.

पायरी ४. देवनागरीला श्वास घेऊ द्या

इंग्रजी फॉन्टच्या सवयी मराठीला लावल्या की घोळ होतो. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षरं. ओळीतलं अंतर इंग्रजीएवढंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन बसतो. निदान दीडपट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन आहे, ती मराठीत नकोच, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे दात असल्यासारखा दिसतो, कमी दिसणाऱ्या माणसाला तर तो शब्द वाटतच नाही.

बारीक, केसासारखे फॉन्ट टाळा, फार जाडही. घ आणि ध, भ आणि म, ख आणि रव यांच्यातला फरक एका छोट्या गाठीचा किंवा फटीचा असतो, फॉन्ट लहान किंवा फार जाड झाला की ती फट बुजते. मी मजकुराला मुक्ता वापरतो, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट आणि बारीक ते जाड अशा सात वजनांमधे मिळतो. सुलेखन फक्त नावाच्या अक्षरांना. प्रत्येक ओळ ब्रशने लिहिल्यासारखी असलेली पत्रिका पाहुण्यांनी हॉल शोधायलाच वापरायची असते हे विसरू नका. प्रिंट काढून भिंतीला लावा, दोन पावलं मागे जा, चष्मा काढा. वाचता आलं तर ठीक.

पायरी ५. फोटोसोबत शब्द द्या

इन्स्टावर पोस्ट टाकताना अॅडव्हान्स सेटिंगमधे अल्ट टेक्स्टची जागा असते, एक्सवर फोटोवरच बटण येतं. तिथे लिहिलेलं डोळ्याला दिसत नाही, स्क्रीन रीडर वाचतो. व्हॉट्सअपच्या फोटोला अशी सोय नाही, म्हणून तिथे सगळा मजकूर फोटोखाली कॅप्शनमधे टाइप करायचा. यावर काकू म्हणाल्या "मग फोटो कशाला करून घेतला तुझ्याकडून?", उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अल्ट टेक्स्ट कसं लिहायचं? 'चकलीचा फोटो' हे काहीच नाही. 'अत्यंत मोहक सोनेरी प्रकाशात सजवलेल्या चकल्या' हे तर त्याहून वाईट. फोनवर बहिणीला सांगाल तसं लिहा: 'पितळी ताटात भाजणीच्या चकल्या, शेजारी चिवड्याचा डबा, डब्यावर आमचं लेबल.' एवढं बास.

कॅप्शनचं मात्र नीट बघा, कारण आपल्या लिहायच्या सवयी कानाला त्रास देतात. काकूंचा जुना मेसेज असा होता, 'चकली (भा.) १ कि.ग्रॅ. ५२०/- फक्त', त्याच्या आजूबाजूला फुलांच्या आणि पणत्यांच्या इमोजींची रांग. हे ऐकलं तर आधी प्रत्येक फुलाचं नाव, मग "भा", मग "कि", "ग्रॅ", मग ५२० आणि स्लॅश, मग परत फुलं. आता असं असतं: 'भाजणीची चकली, एक किलो, ५२० रुपये.' वाचायलाही बरं आणि ऐकायलाही. इमोजी हवी तर एक, ओळीच्या शेवटी.

मोबाईल नंबर सलग दहा आकडे लिहिला की कधीकधी तो अब्जावधीची रक्कम म्हणून वाचला जातो, पाच-पाच आकडे तोडून लिहा. हॅशटॅगमधे इंग्रजीवाले प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतात, आपल्याकडे कॅपिटल नाही, म्हणून शब्दांच्या मधे अंडरस्कोर टाका, #घरगुती_दिवाळी_फराळ. आणि इन्स्टाच्या बायोमधे ते नक्षीदार इंग्रजी अक्षरं कॉपी पेस्ट करून टाकतात ना, ती प्रत्यक्षात गणिताची चिन्हं असतात. स्क्रीन रीडर एकतर ती गाळतो नाहीतर एकेक चिन्हाचं नाव घेत बसतो.

पायरी ६. रील आणि व्हिडिओ

इथे दोन बाजू आहेत आणि लोक एकच बघतात. ज्याला ऐकू येत नाही त्याला कॅप्शन पाहिजे. ज्याला दिसत नाही त्याला आवाजात माहिती पाहिजे. नुसतं गाणं आणि वर उड्या मारणारी अक्षरं अशी रील अंध माणसासाठी फक्त गाणं असतं. दुकानाचं नाव, वस्तू, भाव, पत्ता हे कोणीतरी तोंडाने बोललंच पाहिजे.

कॅप्शन एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, अक्षरांमागे गडद पट्टी द्या, आणि रीलच्या अगदी खाली टाकू नका, तिथे अॅपची बटणं आणि नाव येतं. आपोआप तयार झालेलं मराठी कॅप्शन न तपासता सोडू नका, विशेषतः आडनावं आणि पदार्थांची नावं. फ्लॅश होणारे इफेक्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नकोत, काहींना त्याने फिट येऊ शकते, हा नियमच आहे.

बऱ्याच कर्णबधिर लोकांची पहिली भाषा मराठी नसून सांकेतिक भाषा असते. तिचं स्वतःचं व्याकरण आहे, हातवारे करून मराठी वाक्य बोलणं म्हणजे ती नव्हे. त्यामुळे कॅप्शन आहे म्हणजे झालं असं नाही, वाक्यं छोटी ठेवा. मोठी मोहीम असेल तर प्रशिक्षित दुभाषी घ्या, कुठून सुरुवात करायची तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था आहे. आणि दुभाष्याला कोपऱ्यात टिकलीएवढ्या गोलात बसवू नका. हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत, भाषा तिथेच आहे.

पायरी ७. संपर्क

'ऑर्डरसाठी फोन करा' एवढंच लिहिलं असेल तर ज्याला ऐकू येत नाही तो गेला. 'फक्त व्हॉट्सअप मेसेज' लिहिलं तर ज्याला टाइप करणं जड जातं तो गेला. दोन्ही द्या. गूगल मॅपवर दुकानात व्हीलचेअर आत येते की नाही तेही भरता येतं. पायऱ्या असतील तर तसं खरं लिहा, माणूस दारापर्यंत येऊन परत जाण्यापेक्षा बरं.

पायरी ८. ब्रेल कार्ड, खरंच हवं असेल तर

कंपन्यांना हे फार आवडतं कारण फोटोत छान दिसतं. आधी वरच्या सात पायऱ्या करा. तरी करायचंच असेल तर माप समजून घ्या. ब्रेलचं एक घर, म्हणजे एका चिन्हाच्या ठिपक्यांची चौकट, साधारण सहा मिलिमीटर जागा खातं, नेहमीच्या व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत तेराएक घरं आणि अशा चार ओळी, बास. दहा आकडी मोबाईल नंबरच अकरा घरं घेतो, कारण आकड्यांच्या आधी 'आता आकडे येताहेत' सांगणारं एक घर लागतं. म्हणजे नाव, नंबर आणि फार तर दुकान. पदवी, घोषवाक्य, तीन शाखा विसरा. मराठी असेल तर भारती ब्रेल (भारतीय भाषांसाठीची ब्रेल), आणि मजकूर ब्रेल वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. एक कार्ड मी असं बघितलंय ज्यावर ठिपके शाईने छापले होते, सपाट. बोट फिरवा नाहीतर डोकं फोडा.

उठावाची खूण कशी साधी असते हे बघायचं तर खिशातली नोट काढा. नव्या शंभरावर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेवर गोल. ब्रेल न येणाऱ्यालाही कळतं. तुमच्या दोन बरण्या सारख्याच दिसत असतील, एक तिखट एक गोड, तर एकीच्या झाकणाला रबरी ठिपका लावा, खर्च काही पैशांचा.

पायरी ९. शब्द आणि सूर

सरकारी शब्द दिव्यांग आहे, काही जणांना तो आवडतो, काही जणांना 'दिव्य' कसलं डोंबलाचं असं वाटतं. ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला विचारा. मूकबधिर न म्हणता कर्णबधिर, मतिमंद हा शब्द जाहिरातीत तर नकोच. 'लंगडी सबब', 'आंधळा कारभार' हे आपण सहज लिहून जातो, ब्रँडच्या कॉपीतून काढा. मघाशी मी सबबीबद्दल लिहिताना तोच शब्द आधी हाताला आला होता, खोडला. जुलै २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने पडद्यावरच्या चित्रणाबद्दल सूचना दिल्यात, त्यातलाही सूर हाच की थट्टा नको आणि असामान्य वीरपुरुष करून ठेवणंही नको. व्हीलचेअरवरची बाई जाहिरातीत नुसती भाजी निवडत बसलेली चालेल, मागे बासरी कशाला.

पायरी १०. तपासून घ्या, आणि पैसे द्या

सॉफ्टवेअर काँट्रास्ट मोजेल, अल्ट टेक्स्ट आहे का सांगेल, पण ते बरोबर आहे का हे सांगणार नाही. त्यासाठी स्क्रीन रीडर रोज वापरणारा माणूस लागतो. मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, वरळीला नॅब या अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं ऑफिस आहे, अशा ठिकाणांहून ओळख निघते. आणि हे काम आहे, चहा पाजून होणारं नाही. प्रूफरीडरला देता तसे पैसे द्या.

यंदाचं रेटकार्ड काकूंनी सगळ्यात आधी सरांना तपासायला पाठवलं, आणि त्याचं मानधन म्हणून हट्टाने पैसे देऊ केले, सर म्हणाले चकलीतून वळते करा. अर्ध्या तासात त्यांचा मेसेज आला: "सगळं नीट ऐकू आलं. पण ताई, अनारसे दोनदा आलेत आणि दोन्हीकडे भाव वेगळा आहे. त्यातल्या कमी भावाने पाठवा." मी चार वेळा प्रूफ बघितलं होतं, काकूंनी दोन वेळा.